चालकाचे नाव उघड, अहवाल मात्र बंद

१७ जून २०२४ रोजी सकाळी पश्चिम बंगालमधील रंगापानीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीने मागून धडक दिली. दहा जण मृत्युमुखी पडले; मालगाडीचा चालक त्यांतलाच एक. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी सुरू होण्यापूर्वीच, त्याच दिवशी, रेल्वे मंडळाने सिग्नल न पाळल्याचा ठपका या मृत चालकावर ठेवला. आयुक्तांच्या अहवालातून पुढे आलेले चित्र निराळे होते. स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बिघडलेले होते. तांबडा सिग्नल ओलांडण्याचा लेखी परवाना स्थानकानेच दिला होता आणि त्यात वेगमर्यादेचा उल्लेख नव्हता. त्याच परवान्यावर गेलेल्या गाड्या वेगवेगळ्या वेगाने धावल्या होत्या. अशा प्रसंगी काय करावे, याचे पुरेसे प्रशिक्षण ना चालकांना होते, ना स्टेशन मास्तरांना.

आंध्र प्रदेशातील कंटकापल्ली येथे २९ ऑक्टोबर २०२३ रोजी झालेल्या अपघाताबाबतही असेच घडले. चालक आणि सहायक मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होते, असे रेल्वेमंत्र्यांनी मार्च २०२४ मध्ये सांगितले. चौकशीतील मोबाइलच्या नोंदींनी त्याला पुष्टी दिली नाही. तोवर तो आरोप देशभर पोहोचला होता, आणि खुलासा करायला ते दोघेही हयात नव्हते.

कायद्याने या धोक्याचा विचार केलेला आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ११७ नुसार आयुक्तांसमोर दिलेली साक्ष, ती खोटी असल्याचा खटला वगळता, साक्षीदाराविरुद्ध न्यायालयात वापरता येत नाही. निर्भयपणे सांगितलेल्या सत्यातूनच पुढचा अपघात टळतो, हे त्यामागचे तत्त्व. तपासणी यंत्रणा १९४१ मध्ये रेल्वे मंडळाच्या नियंत्रणातून बाहेर काढण्यात आली आणि आज ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, ती याच निःपक्षपातासाठी. परंतु कलम ११७ चे संरक्षण न्यायालयापुरते आहे. अधिकाऱ्यांच्या पत्रकार परिषदेपुढे ते निष्प्रभ ठरते.

मग सारीच माहिती गोपनीय करावी काय? माझ्या मते ती दुसरी चूक ठरेल. बालासोर दुर्घटनेचा पूर्ण अहवाल सीबीआयच्या तपासाचे कारण देऊन लोकांसमोर आणला गेला नाही. त्यात आता नव्या अडसराची भर पडली आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ज) बदलले आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे काय, हे त्याच कलमाखाली तपासावे लागे. ती अट आता गेली. कलम ८(२) मधील व्यापक जनहिताचा मार्ग शिल्लक असला, तरी जनहित सिद्ध करण्याचा भार व्यवहारात अर्जदारावरच येतो. चालक सलग किती तास कामावर होता, असे विचारले तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज फेटाळणे सोपे झाले आहे. मृत चालकाला या गोपनीयतेचा काडीचाही उपयोग नाही. ती ढाल बनेल प्रशासनाची.

येथे व्यक्ती आणि पद यांत भेद केला पाहिजे. चालकाचे नाव, पत्ता, आजार, कौटुंबिक स्थिती, मोबाइलचा तपशील आणि इंजिनातील ध्वनिचित्रमुद्रण हे चौकशीपुरतेच राहावे. उलट कामाचे तास, विश्रांती, प्रशिक्षणाच्या तारखा आणि हाती दिलेला परवाना ही संस्थेच्या कारभाराची नोंद आहे; ती नाव वगळून प्रसिद्ध व्हावी. ब्रिटनच्या रेल्वे अपघात अन्वेषण शाखेचे अहवाल असेच असतात: चालक केवळ ‘चालक’ म्हणून येतो, पण त्याच्या कामाची परिस्थिती तपशिलाने वाचायला मिळते.

यासाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. आयुक्तांचा प्राथमिक अहवाल येईपर्यंत कोणत्याही कर्मचाऱ्याच्या दोषाविषयी मंत्र्यांनी वा मंडळाने बोलू नये, असा नियम हवा. आणि प्रत्येक अंतिम अहवाल नावे वगळून ठरावीक मुदतीत संसदेसमोर ठेवणे बंधनकारक हवे. आज व्यक्ती उघडी पडते आणि व्यवस्था झाकली जाते. हा क्रम उलटला, तरच पुढच्या गाडीतील प्रवासी अधिक सुरक्षित होईल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)