कुंडीतला पाहुणा, मोहावरचा भाडेकरू

सोमवारी सकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. तब्येत नाही, पाणीपाऊस नाही, धानाचा भाव नाही, पहिलाच प्रश्न, "मामा, ऑर्किड फुललं का?" दोन वर्षांपूर्वी घरभरणीला त्यानेच ते आणलं होतं. जांभळी नऊ फुलं अडीच महिने टिकली, मग एकेक करून गळाली. तेव्हापासून मागे उरलीत चार जाड पानं आणि दर दोन महिन्यांनी येणारा हा फोन. माझ्या हाताखाली तुळससुद्धा बिचकत वाढते, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. भाच्याला ते कोण सांगणार?

शास्त्र थोडक्यात असं. या जातीचं नाव फॅलेनॉप्सिस. फुलं गळाली की दांडा खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेरावर कापायचा. मुळं हिरवी असेपर्यंत पाणी द्यायचं नाही, चंदेरी झाली की द्यायचं. उजेड सकाळचा, कोवळा. आणि मुख्य म्हणजे काही आठवडे रात्रीचा पारा सोळा-अठरापर्यंत उतरायला हवा. सतत उकाडा असेल तर झाड पानं काढत बसतं, दांडा काढत नाही.

आता आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात उकाड्याची काय वाण! पहिल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, तेव्हा मी कुंडी कूलरसमोर ठेवली. बायको म्हणाली, "तीस वर्षांत मला कूलरची समोरची जागा मिळाली नाही, हिला आल्या वर्षी मिळाली." यावर उत्तर नव्हतं. मी स्टूल जरासं सरकवलं, एवढंच.

हिवाळा आला तसा माझा जीव आणखी खालीवर होऊ लागला. दिवस मावळला की कुंडी आत, टीव्हीशेजारी, दारं-खिडक्या बंद. म्हणजे ज्या थंडीसाठी हे झाड अडून बसलं होतं, ती बाहेर अंगणात फुकट पडलेली आणि मी तिला रोज रात्री दाराबाहेर ठेवत होतो. दोन हिवाळे पानंच आली असती. पण यंदा धानाची पोती घरात आली, पुढची खोली आढ्यापर्यंत भरली आणि कुंडी ओसरीत ढकलली गेली. महिनाभर कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. गेल्या आठवड्यात पानाच्या बेचक्यात हिरवं टोक दिसलं. मूळ असेल तर टोक गोल आणि चकचकीत असतं. हे चपटं होतं, तान्ह्या मुलाच्या मिटलेल्या मुठीसारखं. दांडाच!

हे दाखवायला शेजाऱ्याला बोलावलं. तो कंबरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, बांडगूर कुंडीत लावलं का जी?" मास्तरकी उफाळून आली. बांडगूळ झाडाचा रस पितं, हे नुसतं फांदीवर बसतं, असं मी समजावलं. "भाडं देते का?" "नाही." "मंग बांडगूरच." पुढे म्हणाला, "माह्या बांधावरच्या मोहावर ढीगभर हाय."

खरंच आहे. तिथे असतं ते व्हॅंडा टेसेलाटा, तेही ऑर्किडच. आपल्याकडे काही लोक त्यालाच रास्ना म्हणतात. 'व्हॅंडा' हे नाव संस्कृतातल्या 'वंदा'वरून, कलकत्त्याचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दिलेलं. वंदा म्हणजे झाडावर वाढणारं झाड. म्हणजे शेजारी आणि संस्कृत एका बाजूला, मी एकटा दुसऱ्या बाजूला. माझाच वांदा झाला.

गेल्या मे महिन्यात मी ते मान वर करून पाहिलं होतं. पट्ट्यासारखी जाड पानं, टोकाला उंदरानं कुरतडल्यासारखी. पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर चौकड्यांची नक्षी, मधली पाकळी निळसर-जांभळी. खाली मोह वेचून झालेला, जमीन भाजलेली, आणि वर मंद सुवास. पानांची रंध्रं उघडतात ती रात्री, म्हणून दिवसाच्या उन्हात पाणी वाया जात नाही. मुळांवरचा पांढरा स्पंजासारखा थर पहिल्या सरीचं पाणी टिपून घेतो. कूलर नाही, खत नाही, भाचा नाही.

शेजारी जाता जाता म्हणाला, "दोन गड्डे आनून देऊ?" मी नको म्हटलं. त्याचं बी धुळीसारखं बारीक, ठरावीक बुरशीची सोबत मिळाल्याशिवाय रुजत नाही. ओरबाडलेली जागा भरायला वर्षं लागतात. तुम्हीही मे महिन्यात बांधावर जाऊन मान वर करून बघा. फांदीला हात लावू नका.

भाच्याला फोन करायचा राहिलाच.