चपला कोण सांभाळणार?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या स्टाफरूममध्ये एकच चर्चा असते, यंदा कुठे जायचे? नाशिककरांना समुद्र जवळ नाही. आमची धाव गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरपर्यंत, सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत, फार तर थंडीत पक्षी बघायला नांदूरमध्यमेश्वरपर्यंत. कुठेही जा, चित्र ठरलेले. झाडाखाली चटई, चटईवर डबे आणि डब्यांभोवती घरातल्या बायका. पुरुष आणि मुले पाण्यात. काठावर काढलेल्या चपला, घड्याळे, मोबाइल आणि पाकिटे बायकांच्या हवाली. संध्याकाळी घरी आल्यावर विचारा, काय पाहिले? "बहोत मज्जा आया," असे म्हणायचे आणि भांडी घासायला बसायचे.

आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, यांनी अशा चपला चाळीस वर्षे सांभाळल्या. त्यांचे एक वाक्य आमच्या घरात प्रसिद्ध आहे : "सफर में नमाज को कसर है, चूल्हे को नहीं."

२०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सारे मुरूडला गेलो. अम्मी, आमचे हे, नणंद, तिची दोन मुले आणि आमची दोन. फजर पढून निघालो. कसारा घाट, भिवंडी, पनवेल, पेण, अलिबाग असा तीनशेच्या आसपास किलोमीटरचा पल्ला. प्रवासात बायकांनी सकाळपासून पाणी कमी प्यायचे, कारण वाटेत बाथरूम कसे असेल सांगता येत नाही. हे कोणी शिकवत नाही, आपण आईकडे बघून शिकतो. रेवदंड्याची खाडी ओलांडली की उजव्या हाताला समुद्र सोबतीला येतो. वाटेत काशीदचा पांढऱ्या वाळूचा किनारा पाहून मुलांनी गाडी थांबवायला लावली. तिथे आम्ही त्यांना घोट्याच्या वर जाऊ दिले नाही. काशीदचे पाणी दिसायला सुंदर, पण आत ओढणारे आहे. तिथे बुडाल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचत असतोच.

मुरूडचा किनारा त्या मानाने उथळ आणि लांबलचक. पहिल्या संध्याकाळी चटई पसरली, आणि अम्मींभोवती आपोआप आठ जोड चपला जमल्या. कोणी काही सांगितले नव्हते. आम्हीसुद्धा आमची जोडी तिथेच ठेवली आणि पुढे गेलो, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचलो. समोर पाण्यात जंजिरा. अरबीत बेटाला जज़ीरा म्हणतात, त्याचाच हा जंजिरा. तट थेट पाण्यातून वर येतो, आणि दरवाजा असा बेमालूम लपवलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शिडाच्या होडीतून जायचे आणि पायऱ्यांशी डोलत्या होडीतून उतरायचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, म्हणून जाणाऱ्यांनी दिवाळीनंतरचे दिवस धरावेत.

अम्मी धक्क्यावरच बसल्या. "मैं यहींच बैठती. सामान कौन देखेंगा?"

आमची थोरली तेव्हा नववीत होती. तिने पिशव्या उचलून सरळ होडीत टाकल्या आणि म्हणाली, "सामान भी आ रहा है, दादी. अब?"

गुडघे दुखतात हे खरे होते, पण अडचण गुडघ्यांची नव्हती. होडीत चढायचे तर परक्या माणसाचा हात धरावा लागणार. होडीवाला वयस्कर होता. त्याने एक नजर टाकली, खांद्यावरचा पंचा मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळला आणि हाताचा कठडा करून पुढे धरला. तोंडाने फक्त एवढेच म्हणाला, "खाला, लाट खाली गेली की पाय टाका." अम्मींनी बिस्मिल्ला म्हटले आणि पाय टाकला. किल्ल्याच्या पायऱ्यांशी पुन्हा तसेच. आम्ही मात्र उतरताना घसरलो आणि सलवार गुडघ्यापर्यंत भिजली.

दरवाजाच्या भिंतीवर एक कोरीव प्राणी आहे. त्याने एकाच वेळी सहा हत्ती पकडले आहेत, पंजांत, तोंडात आणि शेपटीत. अम्मी त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "ये घर की बहू दिखती." आत गोड्या पाण्याचे दोन तलाव, चारी बाजूंनी खारे पाणी असताना. एकेकाळी याच पाण्यावर किल्ल्यातली वस्ती जगत होती. वर बुरुजांवर तोफा. कलालबांगडी, चावरी, लांडा कासम. धाकटा कलालबांगडीपाशी गेला आणि तिथून हलेना.

तो चौथीत होता. चौथीला आपल्याकडे शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. गाइडने सांगितले, सिद्दींचा हा किल्ला महाराजांना घेता आला नाही, १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीकडून समुद्रात भर घालून वाट करायचा प्रयत्न केला, तोही पुरा झाला नाही. समोर दिसणारा पद्मदुर्ग महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला बांधला. मुलाने एकदा या किल्ल्याकडे पाहिले, एकदा त्या किल्ल्याकडे, आणि मोठ्याने विचारले, "अब्बू, आपण कुणाकडून?"

आजूबाजूचे दहा-बारा पर्यटक गप्प झाले. आमचे हे म्हणाले, "आपण तिकीट काढून आलेलो." लोक हसले, वेळ निघून गेली. पण शिक्षकाला असे उत्तर पुरत नाही. खाली उतरून आम्ही त्याला सावलीत बसवले. महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचा सरदार होता, हे सांगितले. आपल्या पुस्तकातल्या लढाया राज्यांच्या होत्या, त्यात कोणाच्या दोन्ही बाजूंना सगळ्या तऱ्हेची माणसे होती, हेही. त्याने विचारले, "मग परीक्षेत काय लिहू?" आम्ही म्हणालो, विचारलेले असेल ते लिही. आजही वाटते, याहून बरे उत्तर द्यायला हवे होते.

परतताना खोकरीच्या कबरी पाहिल्या. सिद्दी घराण्यातल्या लोकांचे हे दगडी घुमट राजपुरीपासून जवळच आहेत. गर्दी अजिबात नव्हती. अम्मींनी फातिहा पढली आणि पायरीवर बसून नाशिकचा चिवडा खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फणसाडच्या जंगलात गेलो. पूर्वी ही जंजिऱ्याच्या नवाबांची शिकारीची जागा होती, १९८६ मध्ये अभयारण्य झाले. इकडे पाणवठ्याला गाण म्हणतात. शेकरू दिसेल म्हणून मुले माना वर करून चालली. शेकरू दिसले नाही, माना दुखल्या.

मुरूडकडे येताना टेकडीवर नवाबांचा राजवाडा लागतो. खासगी आहे, बाहेरूनच पाहायचा. तिथे गाडी थांबवून आम्ही अम्मींना एक हकीकत सांगितली. नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाज़ली, आणि त्यांची धाकटी बहीण अतिया फ़ैज़ी. मुंबईच्या घराण्यातल्या, पण जन्म इस्तंबूलचा. १९०६ मध्ये अतिया लंडनला गेल्या त्या शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला, म्हणजे आमच्या भाषेत बी. एड. करायला. तिथून त्या रोजचे जे लिहून पाठवत ते लाहोरच्या 'तहज़ीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या उर्दू नियतकालिकात छापून येई, पुढे १९२१ मध्ये त्याचे 'ज़माना-ए-तहसील' हे पुस्तक झाले. १९०८ मध्ये नाज़ली बेगम नवाबांबरोबर युरोपात फिरल्या आणि त्यांनी 'सैर-ए-यूरोप' लिहिले. या किनाऱ्याशी नाते असलेल्या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी समुद्र ओलांडला, शहरे पाहिली आणि उर्दूत लिहून ठेवली. मुशाफिरीवर लिहिणे म्हणजे पुरुषांचे काम, असे त्यांना वाटले नाही. हे सांगताना आमचा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता, असे थोरलीने नंतर सांगितले.

अम्मींनी सगळे नीट ऐकले. मग विचारले, "उन की चप्पलाँ कौन संभालता था?"

आम्ही म्हणालो, "नोकर-चाकर असतील."

"हाँ," अम्मी म्हणाल्या, "वो भी औरताँच होंगी." आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तेव्हा थोरलीने चटई पसरली आणि अब्बूंना त्यावर बसवले. डबे त्यांच्या उजव्या हाताला, चपला डाव्या हाताला. ते म्हणाले, "मला एकट्याला?" नणंद म्हणाली, "भाईजान, दोन तास फक्त."

पाण्यात जायचे म्हटले की आपल्या बायकांना कपड्यांची काळजी असते. आमचा अनुभव सांगतो. गडद रंगाचा, जाडसर सुती कुर्ता घ्यावा. पातळ कापड भिजले की अंगाला चिकटते. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनेने घट्ट करावी, म्हणजे लाटेत हात मोकळे राहतात. एक मोठी जुनी चादर बरोबर ठेवावी. दोघींनी धरली की कपडे बदलायची खोली तयार. खोल जाऊ नये, ओहोटीच्या वेळी तर नाहीच. लहान मुलांना ओरडतो तेवढेच स्वतःलाही ओरडावे.

अम्मी घोट्यापर्यंत आल्या, थांबल्या. पायाखालची वाळू सरकली तशा आमच्या दंडाला घट्ट धरून म्हणाल्या, "नीचे से जमीन खींच रहा कोई." मग गुडघ्यापर्यंत आल्या. एक लाट जरा मोठी आली, कमरेपर्यंत भिजवून गेली. आम्ही घाबरलो. त्या हसत होत्या. चाळीस वर्षांत त्यांना असे हसताना आम्ही दोनदाच पाहिले असेल, असे नणंद म्हणाली. मगरिबच्या अज़ानपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आडव्या झालेल्या सुपारीच्या वाड्या टीव्हीवर दिसत होत्या. अम्मी सारखे विचारत होत्या, तो पंचावाला होडीवाला ठीक असेल ना? नाव विचारायचे राहून गेले होते. त्यांनी तशीच दुआ केली.

आणि हो, त्या संध्याकाळचे राहिले. पाण्यातून बाहेर येऊन चपला मोजल्या, तर एक जोड कमी. मुलांच्या होत्या, आमच्या होत्या, अम्मींची तर सर्वांत वर. गेली होती ती यांचीच. मुरूडच्या बाजारापर्यंत ते अनवाणी चालले, आणि सगळी वाट अम्मी त्यांना चपला कशा मोजत राहायच्या ते समजावून सांगत होत्या.