नकाशावरील पांढरी जागा

कपाशी पात्या-फुलांवर आली की कीडस्थितीचे नकाशे भ्रमणध्वनीवर फिरू लागतात. तालुक्याची सीमारेषा, तीत चार-दोन लाल ठिपके आणि उरलेला भाग पांढरा. लाल ठिपका म्हणजे गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडलेले गाव, हे पाहणाऱ्याला सहज कळते. पांढऱ्या भागाचा अर्थ मात्र कोठेही लिहिलेला नसतो. तेथे कीड नाही, कीड आहे पण पातळीखाली आहे, की तेथे कोणी पाहायलाच गेले नाही, या तिन्ही स्थिती एकाच पांढऱ्या रंगात मिसळून जातात. गावात तिचा अर्थ बहुधा एकच लावला जातो: आपल्याकडे काही नाही.

हा घोटाळा सर्वेक्षणाचा नसून दर्शनाचा आहे. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्याही लेयरला अट घालता येते. क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत लेयरच्या नावावर राइट क्लिक करून फिल्टर निवडला आणि अट लिहिली की अटीत न बसणारे बिंदू पडद्यावरून नाहीसे होतात. माहिती पुसली जात नाही. ती केवळ दिसेनाशी होते. लेयरच्या नावाशेजारी फिल्टरचे लहानसे चिन्हही उमटते. संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीला त्यामुळे आपण काय झाकले आहे याचे भान राहते. पण नकाशाचे चित्र करून ते पुढे पाठविले की हे चिन्ह संगणकातच राहते आणि गावात पोहोचते ते फक्त चित्र. आरेखनाच्या सॉफ्टवेअरलाही हा नियम चुकत नाही. ठिबक संचाच्या आराखड्यात मुख्य वाहिनीचा लेयर बंद करून छपाई केली, तर वाहिनी मूळ फाइलमध्ये असते, कागदावर नसते. आणि चर खणणारा कागद पाहून खणतो.

फिल्टरच नको, असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प उभा राहिला. अशा प्रकल्पात गावोगावच्या निश्चित शेतांतून आठवड्यामागून आठवडे नोंदी येत राहतात. त्या सगळ्या एकाच वेळी पडद्यावर उघडल्या तर ठिपक्यांच्या गर्दीखेरीज काहीच दिसणार नाही. गाळणे आवश्यकच आहे. आक्षेप आहे तो काय गाळले हे न सांगण्यावर, आणि त्याहून अधिक, गाळताना रिकाम्या नोंदींचे काय होते याकडे होणाऱ्या दुर्लक्षावर.

समजा, कामगंध सापळ्यांच्या तक्त्यात पतंगांची संख्या भरलेली आहे. ‘आठ किंवा अधिक’ अशी अट लावली की अधिक पतंगांची गावे दिसतात. अट उलटवून ‘आठपेक्षा कमी’ केली की उरलेली सर्व गावे दिसतील, असा सर्वसाधारण समज असतो. तसे घडत नाही. ज्या गावाचा रकाना रिकामा आहे ते पहिल्या नकाशात येत नाही आणि दुसऱ्यातही येत नाही. संगणकाच्या लेखी रिकामी नोंद आठाहून मोठी नसते, लहानही नसते. तिची तुलनाच होऊ शकत नाही, म्हणून दोन्ही अटींतून ती निसटते. दोन्ही नकाशांतील गावांची बेरीज करून ती मूळ यादीशी ताडून पाहिली तरच ही गळती लक्षात येते, आणि हंगामाच्या धावपळीत अशी बेरीज क्वचितच होते. रकाना रिकामा राहण्याची कारणे अगदी साधी असतात: संततधारेत रस्ता बंद, सापळा वाऱ्याने पडलेला, सर्वेक्षक रजेवर. पण ज्या आठवड्यात पाहणी अडते, त्याच आठवड्यात फवारणीही अडलेली असते. नेमकी तीच गावे नकाशातून गळणे परवडणारे नाही.

याच्या उलट चूकही होते. शेपफाइल हा नकाशाच्या फाइलचा जुना पण अजूनही सर्रास वापरला जाणारा प्रकार आहे. माहिती या प्रकारात निर्यात करताना काही सॉफ्टवेअर रिकाम्या संख्येच्या जागी शून्य लिहितात. मग न पाहिलेले गाव एका क्षणात कीडमुक्त ठरते. कीटकशास्त्रात शून्य हे निरीक्षण असते. ते लिहिण्यासाठीही कोणाला तरी सापळ्यापर्यंत चालत जावे लागते. रिकामा रकाना हे निरीक्षणच नव्हे.

अटीचे शब्दही तपासून पाहिले पाहिजेत. गुलाबी बोंडअळीसाठी सापळ्यांवरून ठरविलेली पातळी सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग अशी आहे. फुले किंवा बोंडे तपासून ठरविताना दहा टक्के प्रादुर्भाव धरला जातो. फिल्टर मात्र एकेक ओळ स्वतंत्रपणे पाहतो. ‘आठ किंवा अधिक’ ही अट एका रात्रीच्या उसळीलाही लाल करते. ‘सलग तीन रात्री’ हा भाग आधी वेगळ्या रकान्यात हिशेब करून आणावा लागतो. तो हिशेब न करता काढलेल्या नकाशावरून फवारणीचा सल्ला दिला, तर शेतकऱ्याचा पैसा आणि मित्रकीटक दोन्ही वाया जातात.

पिकाचा फिल्टर आणखी फसवा. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्यावर आढळली. त्याच वर्षी महाराष्ट्रात ती उसावरही नोंदली गेली. ही कीड मक्याची, असे गृहीत धरून ‘पीक = मका’ अशी अट कायमची लावून ठेवली, तर ऊस आणि ज्वारीवरची नोंद हाती असूनही नकाशात दिसणार नाही. नव्या किडीच्या बाबतीत तर पिकाचा फिल्टर पहिली दोन वर्षे लावूच नये.

पातळीखालच्या ठिपक्यांनाही अर्थ असतो. उत्तर भारतात गुलाबी बोंडअळी सुरुवातीला आढळली ती जिनिंग कारखाने आणि सरकीच्या तेलगिरण्यांच्या आसपासच्या कपाशीत. पुढे २०२१ मध्ये पंजाबातील बठिंडा, मानसा भागांत तिने मोठे नुकसान केले. अळी सरकीत सुप्तावस्थेत राहते आणि साठवलेल्या मालातून पतंग बाहेर पडतात, हे जुने ज्ञान आहे. अशा ठिकाणी सापळ्यात रात्रीला दोन-तीन पतंग सापडले तरी ते कारखान्याभोवती कडे करून आहेत की विखुरलेले आहेत, हे पाहणे मोलाचे. आठाची अट लावताच हे कडे दिसेनासे होते. ते पुन्हा दिसते तेव्हा रोखण्याची वेळ निघून गेलेली असते.

लहान ठिपके दाखविले तर शेतकरी घाबरून अकारण फवारणी करील, अशी एक शंका घेतली जाते. ती अगदीच निराधार नाही. पण तिच्यावरचा उपाय ठिपके लपविण्यात नसून ते वेगळ्या रूपात दाखविण्यात आहे. क्यूजीआयएसमध्ये फिल्टरऐवजी नियमांवर आधारित चिन्हांकन वापरता येते: पातळी ओलांडलेली गावे भरीव लाल, पातळीखालची फिकट, शून्याची नोंद असलेली पोकळ वर्तुळे, आणि कोणत्याच नियमात न बसणाऱ्यांसाठी शेवटचा ‘अन्यथा’ नियम. रिकाम्या नोंदी याच शेवटच्या नियमात येऊन पडतात. त्यांना राखाडी रंग दिला की ‘पाहणी झाली नाही’ हे न सांगता कळते. या कामाला अर्धा तास पुरतो आणि ते हंगामात एकदाच करावे लागते.

एक धोका मात्र याहून गंभीर आहे. फिल्टर लावलेला लेयर तसाच निर्यात केला, तर नव्या फाइलमध्ये केवळ दिसणारे बिंदू उतरतात. येथे झाकणे संपते आणि गमावणे सुरू होते. ती फाइल जिल्ह्याकडून विभागाकडे गेली आणि पुढील वर्षी कोणी तिच्यावरून सरासरी काढली, तर त्या सरासरीत एकही निरोगी गाव नसेल. मूळ फाइल शोधायची कोठे, हे तोवर बहुधा कोणाला आठवत नाही. निर्यात करण्यापूर्वी फिल्टर काढणे आणि बिंदूंची संख्या मूळ यादीशी जुळविणे ही सवय कार्यालयाने लावून घ्यावी. प्रत्येक नकाशाखाली एक ओळही असावी: कोणती अट, कोणत्या तारखांच्या नोंदी, किती गावांपैकी किती गावांची पाहणी झाली.

केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. तीत शेतकऱ्याने पाठविलेल्या छायाचित्रांवरूनही किडीची ओळख होते. म्हणजे आता ठिपका तेथेच उमटेल, जेथे कोणी भ्रमणध्वनी उघडला आणि जाळे मिळाले. डोंगराळ, आदिवासी किंवा तुटक जाळ्याच्या भागातील पांढरी जागा यापुढे अधिक जपून वाचावी लागेल. विस्तार कार्यकर्त्याने असा नकाशा गटात पाठविण्याआधी पाठविणाऱ्याला एवढेच विचारावे की यातून कोणती गावे वगळली आहेत. उत्तर मिळेपर्यंत आपल्या भागातील पांढऱ्या गावांपैकी एखाद्या गावी जाऊन पंचवीस-तीस फुले उघडून पाहावीत आणि डोमकळ्या मोजून आकडा कळवावा, तो शून्य असला तरी.