गारठा घरात, मंजुरी हेड ऑफिसची

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. टेबलावरचं काम हेड ऑफिसला पाठवलं की ते काम राहत नाही, त्याचा पत्रव्यवहार होतो. अमेरिकेतल्या घरोघरी भिंतीवर बसवलेल्या वाय-फाय थर्मोस्टॅटची सध्या हीच गत आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे तापमानाचा कारकून. खोली गार पडली की फर्नेस सुरू करायची, ऊब आली की बंद. बस्स! विस्कॉन्सिनच्या वॉरेन जॉन्सन या प्राध्यापकाने १८८३ साली विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. तेव्हा खोली गार झाली की तळघरात घंटा वाजे आणि तिथला शिपाई उठून वाफेची सोय बघे. शिपाई आळशी असेल, पण होता त्याच इमारतीत.

आताची प्रगती पाहा. सोफ्यावर बसून तुम्ही मोबाइलवर दोन अंश वाढवता. सोफा ते भिंत अंतर दहा फूट. पण निरोप जातो शेकडो मैलांवरच्या कंपनीच्या सर्व्हरकडे, तिथे त्याची नोंद होते आणि मग तो भिंतीकडे परत येतो. मोबाइल घरात, थर्मोस्टॅट घरात, दोघांना जोडणारा राउटरही घरातच. तरी शेजारच्या खोलीतल्या बायकोला चहा सांगायला व्हाया दिल्ली तार!

आणि हेड ऑफिसनेच टाळं लावलं तर? रिव्हॉल्व्ह नावाचा सुमारे तीनशे डॉलरचा होम ऑटोमेशनचा डबा होता. नेस्टने ती कंपनी २०१४ साली घेतली आणि मे २०१६मध्ये सर्व्हर बंद केला. धडधाकट डबा एका दिवसात पेपरवेट झाला. पुढे २५ ऑक्टोबर २०२५पासून गूगलने नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या लर्निंग थर्मोस्टॅटचा मोबाइलशी संबंध तोडला. भिंतीवरची चकती अजून फिरते म्हणे. हो, पण चकतीच फिरवायची तर साधा थर्मोस्टॅट काय वाईट होता?

कंपन्या म्हणतात, जुनी यंत्रं इंटरनेटवर सुरक्षित नाहीत. कबूल! मग त्यांना इंटरनेटवर धाडता कशाला? घरच्या नेटवर्कवर हुकूम घेण्याचा मार्ग उघडा ठेवा आणि जा खुशाल. २०१३ साली सुरू झालेलं होम असिस्टंट घरातल्या छोट्याशा संगणकावर चालतं. २०२२ साली आलेलं ‘मॅटर’ हे मानकही स्थानिक नेटवर्कवरच बोलतं. म्हणजे अडचण तंत्राची नाही, नियतीची आहे.

तुम्ही म्हणाल, ठाण्याच्या घामात आम्हाला फर्नेस कशाला? नकोच. पण वाय-फायचे एसी आपल्याकडे आलेच आहेत. तेव्हा परीक्षा सांगतो. राउटर चालू ठेवा, त्यात येणारी इंटरनेटची वायर काढा आणि मोबाइलवरून तापमान बदलून बघा. यंत्राने ऐकलं तर ते तुमचं. नाही ऐकलं तर परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.

पावती आमच्या नावावर, वीजबिल आमच्या नावावर आणि हुकूम मात्र दुसऱ्याचा, याला कॉमर्सच्या कुठल्याच पुस्तकात खरेदी म्हटलेलं नाही. भाडं म्हणा. मग भाडं किती आणि करार कधी संपणार, तेही पहिल्याच दिवशी खोक्यावर छापा!