व्यापाराचे शास्त्र आणि आपली एक विद्यावृत्ती



प्रतिवर्षीप्रमाणे जयंतीच्या निमित्ताने ही स्मरणिका आपल्या हाती देताना यंदा एका प्रस्तावाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. कार्यकारिणीपुढे तो वर्षभर आहे आणि त्यावर मतभेदही पुष्कळ आहेत. भारतातील आपल्या समाजातील एका विद्यार्थ्यास वा विद्यार्थिनीस येथे, ब्रिटनमधील एखाद्या विद्यापीठात, आंतरराष्ट्रीय व्यापार या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मंडळाने विद्यावृत्ती द्यावी, असा तो प्रस्ताव आहे.

"व्यापारच का? एखादा डॉक्टर का घडवू नये?" हा पहिला प्रश्न बहुतेकांनी मलाच विचारला. मी डॉक्टर असल्याने उत्तरही मीच दिले पाहिजे. आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, दंतवैद्य आहेत, संगणक अभियंते तर घरोघरी आहेत. याचा मला अभिमान आहे. परंतु मूल अर्थशास्त्राकडे वळले की आपण आईबाप कासावीस होतो. माझ्याही घरी तसे झाले, आणि कासावीस होणाऱ्यांत मी पहिला होतो. ज्यांची तसबीर आपण दिवाणखान्यात लावतो, ते मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, हे त्या क्षणी मला आठवले नाही.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या विद्यावृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. तेथे १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी जो विषय घेतला तो होता प्राचीन भारताचा व्यापार. आपल्याकडे या प्रबंधाची आठवण फारशी कोणी काढत नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात तो आहे. ज्यांच्या कपाटात तो खंड आहे त्यांनी अवश्य काढून पाहावा. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी.चा प्रबंध लिहिला, तो १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. तोही विषय परदेशी व्यापारापासून दूर नव्हता. चांदीचा भाव पडला, सोन्याच्या तुलनेत रुपया घसरला, आणि भारतातून माल परदेशी पाठविणाऱ्यांचा फायदा झाला. हा फायदा देशाचा म्हणून सांगितला जात असे. बाबासाहेबांनी दाखवून दिले की किमती चढल्या तरी मजुरी त्या वेगाने चढत नाही; म्हणजे निर्यातदाराच्या नफ्यातील काही भाग मजुराच्या ताटातून गेलेला असतो. व्यापाराचे गणित मजुराच्या बाजूने मांडणारा माणूस त्या दालनात बसला होता म्हणून हे मांडले गेले.

आज ती जागा कोणाकडे आहे? अलीकडचेच उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखे पादत्राण मांडले. कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. ओरड झाल्यावर त्यामागची भारतीय प्रेरणा कंपनीने मान्य केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी सामंजस्य करार केला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण मधल्या काळात आपल्याकडे संतापाचे जेवढे लेख आले, त्यांत कायदा सांगणारे थोडे होते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण त्याचे संरक्षण भारताच्या हद्दीपुरते. दुसऱ्या देशात ते हवे असेल तर तेथील कायद्याप्रमाणे मिळवावे लागते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात भौगोलिक नावांना जे अधिक कडक संरक्षण दिलेले आहे, ते केवळ वाइन आणि मद्यांना! चपलेला नाही. करार घडला तेव्हा आपल्या मद्यांची काळजी वाहणारी माणसे तेथे होती; चामडे कमावणाऱ्याच्या आणि चप्पल शिवणाऱ्याच्या घरचा कोणी असल्याचे निदान माझ्या वाचनात नाही.

आपण ज्या देशात राहतो त्याचा भारताशी २४ जुलै २०२५ रोजी व्यापार करार झाला. चामड्याच्या वस्तू आणि पादत्राणे यांवरील येथील आयातशुल्क हटविण्याची तरतूद त्यात आहे. मात्र माल कोठे व कशापासून तयार झाला याचे नियम पाळले आणि तशी कागदपत्रे दिली तरच ती सवलत मिळते. ही कागदपत्रे मोठा कारखानदार करील. दोन खोल्यांत चार माणसे घेऊन काम करणाऱ्या कारागिराला ती कोण करून देणार? या शास्त्रात तयार झालेला आपला एक मुलगा वा मुलगी काय काम करू शकेल, याची कल्पना यावरून यावी.

आता अटींविषयी. काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे आहे की विद्यार्थ्याकडून मायदेशी परतून ठराविक वर्षे समाजकार्य करण्याचा करार लिहून घ्यावा. त्यांची कळकळ मी जाणतो, परंतु मला हे मान्य नाही. बाबासाहेबांनीही करार लिहून दिला होता, दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा. विद्यावृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. बडोद्यात राहावयास घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. ती हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० साली ते लंडनला परत गेले तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीत वाचविलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी उसने दिलेले पाच हजार रुपये त्यांच्या कामी आले. सयाजीराव महाराजांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. पण मुदतीने अभ्यास तोडला आणि करार असून नोकरी टिकली नाही, हेही विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट पैसे वेळेवर देण्याची. मी वैद्यकीय महाविद्यालयात असताना शिष्यवृत्तीचा हप्ता वर्ष सरता सरता हाती येई. तोवर खानावळीची उधारी वाढे आणि मी खानावळवाल्याची नजर चुकवून मागच्या दाराने जात असे. शरीरशास्त्राच्या परीक्षेइतकीच ती धास्तीही मला आठवते. म्हणून माझी सूचना अशी की संपूर्ण वर्षाचे शुल्क व निर्वाहखर्च आधी बँकेत जमा असल्याखेरीज मंडळाने निवडीची जाहिरातच काढू नये. अर्धी विद्यावृत्ती देऊन उरलेले मुलाने जमवावे, असेही एक मत आहे. ज्याच्या घरी उरलेले जमविण्याची ऐपत आहे त्यालाच मग ती मिळेल.

हिशेब असा. परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क आणि राहण्याजेवण्याचा खर्च मिळून आज पस्तीस हजार पौंडांची तरी तयारी हवी. दीडशे कुटुंबांनी दरमहा वीस पौंड दिले तर वर्षाला ३६,००० पौंड होतात. गावाकडच्या शाळांना वह्यापुस्तके पाठविण्याचा आपला उपक्रम बंद करून हे करावे असे मात्र कोणी म्हणू नये. तो निधी वेगळा आहे आणि वेगळाच राहावा.

येत्या सर्वसाधारण सभेत हा प्रस्ताव मतास टाकला जाईल. संमतिपत्र या स्मरणिकेसोबत जोडले आहे. विरोध असणाऱ्यांनीही ते कारणासह भरून पाठवावे, आणि घरातील सज्ञान मुलामुलींचे मत त्यात स्वतंत्रपणे लिहावे.