तोंड दाखवायला जागा

वार्षिकांकासाठी काहीतरी लिहा, असे मराठीच्या सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न पडला की आपण काय लिहिणार? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. कविता मला जमत नाही. प्रवासवर्णन लिहावे तर मूर्तिजापूर ते अमरावती एवढाच माझा प्रवास, आणि तोही बहुधा एस.टी.त उभ्याने. पण गेल्या वर्षीच्या एका गोष्टीवरून मला माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींशी, आणि गुरुजनांची क्षमा मागून त्यांच्याशीही, थोडे भांडायचे आहे. ते इथेच भांडते.

व्यसनमुक्ती सप्ताहात आपल्या पटांगणात पथनाट्य झाले, ते सर्वांना आठवत असेल. आपल्यातल्याच मुलामुलींनी मेहनतीने बसवले होते. त्यात शेवटी एक पात्र येते. गालाला लाल रंग फासलेला, जबड्याला फडके बांधलेले, तोंड वाकडे. लाळ गळते, बोलता येत नाही म्हणून ते नुसते ‘ब्बा ब्बा’ करते. मुले आधी हसली, मग किळस येऊन ‘ई’ म्हणाली आणि शेवटी सर्वांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मीही वाजवल्या. माझ्या वडिलांच्या जबड्याची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा चार महिने झाले होते, हे माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीला ठाऊक नव्हते. मी सांगितलेच नव्हते. वसतिगृहात ‘बाबा बरे नाहीत’ एवढेच म्हणत असे.

आमचे गाव मूर्तिजापूर तालुक्यात. तीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. खर्रा म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको. पण पुण्यामुंबईचा कोणी पाहुणा हा अंक चाळेल तर त्याच्यासाठी सांगते. सुपारीची कतरण, तंबाखू आणि चुना पन्नीत घालायचा आणि तळहाताखाली घोट घोट घोटायचा. लहानपणी पानठेल्यावरून बाबांचा खर्रा मीच आणत असे. कधी घरी घोटूनही देत असे. पोरीच्या हातचा चांगला घोटला जातो, असे ते चारचौघांत म्हणत आणि मला अभिमान वाटे. पाहुणा आला की चहाच्या आधी पन्नी पुढे व्हायची. मजूर बोलवायचा तर खर्रा, भांडण मिटले तर खर्रा. आमच्याकडे याला कोणी व्यसन म्हणत नव्हते. ही माणसांची रीत होती.

आजाराची पहिली खूण दिसली ती स्वयंपाकघरात. बाबांना ठेचा लागेनासा झाला. ज्या माणसाला भाकरीवर ठेच्याचा गोळा नसेल तर जेवण जात नसे, तो वरणाचेही तिखट लागते म्हणू लागला. आईने त्यांच्यापुरती भाजी बिनतिखटाची करायला सुरुवात केली. पुढे घास लहान झाला. मग भाकरी कुस्करून. हे सारे तीनेक वर्षांत इतके हळू झाले की आम्हाला ते वयाचे वाटले. बाबा तेव्हा अजून पंचेचाळिशीचेही नव्हते!

तोंडाच्या आतली मऊ त्वचा पांढुरकी आणि ताठ होत जाते, जबडा उघडेनासा होतो, या रोगाची नोंद १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी आपल्याकडच्या रुग्णांवर लिहिले. कारण सुपारी. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले. आपण मात्र सुपारीला देवाजवळ ठेवतो, म्हणून तिच्यावर कोणी संशय घेत नाही. परीक्षा अगदी सोपी आहे. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घालून पाहावी. मोठ्या माणसाच्या तोंडात ती जायला हवीत. बाबांच्या तोंडात दीड बोट जात होते. हे करून पाहायला लागतो अर्धा मिनिट, आणि आमच्या गावात ते कोणाला माहीत नव्हते. मलाही नव्हते, आणि मी तर बारावी झाले होते.

तरी खरे सांगायचे तर गालातली जखम बाबांना सात महिने ठाऊक होती. त्यांनी ती लपवली. का लपवली, ते त्यांनी मला नंतर सांगितले: “त्या पुडीवरल्या मानसासारखं माहं तोंड होईन, असं भेव वाटे. म्हून कोनाले दाखवलंच नाई.”

माझे भांडण इथून सुरू होते. २०१६ पासून तंबाखूच्या पुडीचा पंच्याऐंशी टक्के भाग चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. ते चित्र पाहून किती जणांनी सोडले असेल, त्यांचे चांगलेच झाले. पण आपण भीती एवढीच दिली. ज्याला आधीच जखम झाली आहे त्याने त्या भीतीचे काय करायचे? त्या चित्रातला माणूस पुढे कुठे जातो, त्याच्यावर उपचार होतात का, तो पुन्हा जेवतो का, घरी परततो का, हे कोणी दाखवत नाही. मग ज्याला जखम झाली आहे तो तोंड मिटून बसतो. लवकर दाखवले असते तर लहान शस्त्रक्रियेत भागले असते. उशीर झाला म्हणून अर्धा जबडा गेला. आपल्या पथनाट्याने तेच केले. पाहणाऱ्यांत असा जखम झालेला एखादा असता, तर तो हात वर करून डॉक्टरकडे गेला असता की खाली मान घालून खोलीवर गेला असता?

बाबांवर नागपूरला शस्त्रक्रिया झाली. सकाळी आत नेले ते अंधार पडल्यावर बाहेर आणले. गाल, खालच्या जबड्याची एक बाजू आणि मानेतल्या गाठी काढल्या. मग छातीचा स्नायू वरच्या कातडीसकट उचलला आणि गळपट्टीच्या हाडावरून, कातडीच्या खालून, वर गालापर्यंत नेऊन शिवला. त्याची रक्तवाहिनी तोडली नाही, हे त्यातले मर्म. ही रीत १९७९ साली अमेरिकेतल्या आरियन या शल्यविशारदाने मांडली. पायातले बारीक हाड काढून त्याचा जबडाही घडवतात. त्यात रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडाव्या लागतात. बाबांसाठी डॉक्टरांनी छातीचीच वाट धरली. त्यामुळे काही दिवसांनी गालाच्या आत छातीचे केस उगवले! बाबा त्यावर हसले होते, अर्ध्या तोंडाने. पुढे सहा आठवडे किरणोपचार झाले, त्यात ते गळून गेले आणि थुंकीही आटली.

शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झाला. ही योजना २ जुलै २०१२ रोजी दुसऱ्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता. त्याच महिन्यात राज्यात गुटखाबंदीही आली. तशी ती २००२ मध्येही आली होती, पण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. आजची बंदी कागदावर आहे. शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये, हा कायदा तर २००३ चा. आपल्या फाटकापासून पानठेल्यापर्यंतची पावले मी मोजली. चौसष्ट.

नाकातली नळी निघाल्यावर खरे काम सुरू झाले. दातांच्या मध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चळत घालायची, रोज जमेल तेव्हा एक काडी वाढवायची. नऊपासून सुरुवात केली, आता सोळा जातात. भाषाविज्ञानाच्या तासाला ओष्ठ्य व्यंजने शिकवत होते, प फ ब भ म, तेव्हा माझे लक्ष वहीत नव्हते. बाबांना नेमकी हीच येत नाहीत. ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटते. त्या पात्राचे ‘ब्बा ब्बा’ मला म्हणूनच अजून ऐकू येते.

ग्रंथालयात एका जाड इंग्रजी पुस्तकात मला पुण्याची एक हकिकत सापडली. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आहे. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नाक करून दिले. आधी मेणाचे नाक करायचे, ते कपाळावर सपाट पसरून तेवढी कातडी आखायची, कापून खाली वळवायची. पण दोन भुवयांमधला देठ तोडायचा नाही, म्हणजे रक्त चालू राहते. सुमारे पंचवीस दिवसांनी तो देठ कापायचा. चिकटवायला काय वापरले? कात! जो आपण पानाला लावतो तोच. दोन इंग्रज डॉक्टर ते पाहत होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे चित्रासह छापले गेले आणि १८१४ साली कार्प्यू या डॉक्टरने लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. बैल हाकणाऱ्याचे नाव राहिले, डॉक्टरांची राहिली, नाक करणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. लिहिणे-वाचणे ज्यांच्या हाती होते त्यांची ही जुनी सवय.

छातीचा देठ न तोडता गाल करणे आणि कपाळाचा देठ न तोडता नाक करणे, हे एकच शहाणपण आहे. पण मला दुसरीच गोष्ट लागली. नाक कापणे ही शिक्षा होती. माणसाला तोंड दाखवायला जागा राहू नये म्हणूनच ते कापत. त्या माणसाने मात्र नवे नाक घेऊन चित्रकारासमोर बसून तोंड दाखवले. आमचे बाबा व्हिडिओ कॉल लागला की फोन आईच्या हातात देतात. बाजारात दुपट्टा गालावरून घेतात, तोही भर उन्हाळ्यात. ‘खाल्लं तं भोगा आता’ हे वाक्य त्यांनी आमच्याच भावकीकडून ऐकले आहे.

यात खोटे काय, असे कोणी म्हणेल. त्यांनीच खाल्ले. होय, खाल्ले. मीही त्यांच्यावर रागावले आहे. एक हंगाम गेला, तूर व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात गेली, माझी दुसऱ्या वर्षाची फी मामाने भरली. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही १९६८ साली कर्करोगानेच गेले. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. त्यांना कोणी हिशेब विचारला नाही. ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे आणि ज्यांचे बालपण आमच्याच तालुक्यात दापुऱ्याला गेले, त्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा दूरदूरच्या कर्करोगी माणसांना आसरा देते. तिथे दारात ‘काय खात होतास’ असे विचारून आत घेत असतील, असे मला वाटत नाही. खर्रा घोटून देणारी मी, पुढे करणारा पाहुणा, विकणारा ठेला आणि सुपारीचा ठोक व्यापारी, या सगळ्यांचे मिळून एकट्या बाबांनी भोगले.

म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या येत्या शिबिरासाठी माझी सूचना अशी की पथनाट्य करायचेच असेल तर ते पात्र काढून टाकावे आणि त्या वेळात घरोघर तीन बोटांची परीक्षा करावी, आधी आपली. माझ्या वर्गातल्या काही मुलांची तीन बोटे जाणार नाहीत, हे त्यांच्या डबा खाण्यावरून मला दिसते आहे. त्यांनी रागावू नये. दाखवून यावे.

या अंकाच्या प्रकाशनाला पालकांना बोलावले आहे. मी बाबांना विचारले. ते म्हणाले, “कायले येऊ पोरी? तुह्या मैतरनी जेवतीन का माह्यासमोर?” मी म्हटले, जेवतील. तुम्हाला न विचारताच म्हटले, त्याची माफी असावी. अजून नक्की नाही, पण आईने दुपट्टा धुऊन ठेवला आहे, असे कळते. भोजन समितीला एवढीच विनंती, की ते आले तर त्यांना भात थोडा मऊ लागतो, बिनतिखट वरण लागते, आणि जेवायला वेळ लागतो.