कचरा कंपनीचा, बिल आपलं

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला 337 टन विषारी कचरा जून 2025 अखेर पीथमपूरला जाळून झाला. वायुगळतीनंतर चाळीस वर्षांनी! त्यासाठी केंद्रानं 126 कोटी मंजूर केले होते. म्हणजे तुमच्या-माझ्या कराचे. कंपनीच्या खिशातून नाही.

असं का झालं? कारण 1989 चा समझोता. सरकारनं मागितले होते 330 कोटी डॉलर, मिटवलं 47 कोटींवर. ते पैसे मृत आणि जखमींच्या भरपाईचे. कारखान्याच्या आवारात पुरलेलं विष कोण उपसणार, कधी, कुणाच्या खर्चानं, याचं कलमच नाही. पुढे 1998 मध्ये जमीन राज्य सरकारला परत केली, विषासकट. सरकारनं ती घेतलीही! 2001 मध्ये डाऊनं युनियन कार्बाइड विकत घेतली. डाऊ म्हणते, कारखाना आम्ही चालवलाच नव्हता. झालं, सगळे सुटले.

आता त्याच अमेरिकेतलं बघा. तिथं 1980 पासून सुपरफंड कायदा आहे. जागा घाण करणाऱ्याला सरकार शोधतं आणि त्याच्याशी कोर्टाच्या शिक्क्यानिशी करार करतं. सफाई कंपनी करणार, देखरेख सरकारची, उशीर झाला तर दंड. म्हणून काय तिथले रसायन कारखाने बंद पडले? ‘उद्योग पळून जातील’ ही भीती आपल्यालाच का दाखवतात?

आपल्याकडेही जुलै 2025 मध्ये दूषित जागांचे नियम आले. प्रदूषण करणाऱ्यानंच खर्च द्यावा, असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली, तर खर्च पुन्हा केंद्र आणि राज्याचा. टाळं ठोकून गायब होणाऱ्यांना आणखी काय हवं?

आणि हा प्रश्न फक्त भोपाळचा नाही बरं का. हाच कचरा एकदा आपल्या नागपूरजवळ जाळायचं घाटत होतं. महाराष्ट्रानं विरोध केला म्हणून टळलं. शेवटी पीथमपूरच्या लोकांच्या गळ्यात पडला.

माझं म्हणणं साधं आहे. घर भाड्यानं देताना आपण डिपॉझिट घेतो ना? मग एमआयडीसीचा भूखंड 95 वर्षांच्या करारानं देताना घातक रसायनांच्या कारखान्याकडून सफाईची अनामत आधीच घ्या. जमीन, पाणी तपासून स्वच्छ निघालं तरच परत करा.

पुढच्या वेळी आमदार नव्या कारखान्याचा नारळ फोडायला आले की रोजगाराचा आकडा जरूर विचारा. पण सोबत हेही विचारा: साहेब, जाताना साफ कोण करणार? करारातलं कलम दाखवा.